बॉयलरचा पार्ट अजून आला नाही

सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजायचा. पलीकडून एक घोगरा आवाज एवढंच म्हणायचा, "उठलोय." मी म्हणायचे, "छान. नाश्ता झाला का?" त्यावर फोन ठेवल्याचा आवाज. दोन वर्षं मी रोज तो प्रश्न विचारला आणि दोन वर्षं त्या माणसाने त्याचं उत्तर दिलं नाही. हट्टी तेही आणि मीही.

हे आमच्या गावातल्या फोनच्या साखळीचं काम. गाव नीउ-व्हेनेप या डच गावाच्या पुढे, सरळसोट कालव्याच्या कडेला. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा हार्लेममध्ये घर मिळेना, म्हणून इथे येऊन पडलो. नवरा सकाळी सायकल काढून स्टेशनवर आणि तिथून झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या काचेच्या टॉवरमध्ये. मी घरात, भिंतींशी गप्पा मारत. शेवटी डचच्या क्लासमधल्या बाई म्हणाल्या, "गावातल्या म्हाताऱ्यांशी बोल. त्यांना वेळ असतो आणि ते इंग्लिश बोलत नाहीत." म्हणून मी मंगळवारी आणि गुरुवारी गावच्या समाजघरात कॉफी ओतायला जायला लागले. पुढे मला घरून करायचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं, तरी ते दोन दिवस मी सोडले नाहीत. इथलं सगळं बोलणं डचमधलं आहे, पण मला ते आठवतं मराठीतच, तेव्हा तसंच सांगते.

खिडकीजवळच्या टेबलावर तीन आजोबा बसायचे. त्यांची नावं पहिले सहा महिने माझ्या जिभेवर बसली नाहीत. मग आपली जुनी खोड, मीच नावं ठेवली. एक पंपवाले. आमचं अख्खं गाव समुद्राच्या पातळीखाली आहे, दिवसरात्र पाणी उपसावं लागतं, आणि त्या उपसा केंद्रावर यांनी आयुष्य काढलं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी येताना कालव्यात डोकावायचे आणि पाणी किती सेंटिमीटर आहे ते जाहीर करायचे. विचारलंय कुणी? पण सांगायचे. दुसरे पोस्टमन. पाकिटावरच्या अक्षरावरून कुणाच्या घरी काय चाललंय ते त्यांना कळायचं आणि पन्नास वर्षांत त्यातलं एक अक्षर त्यांनी बाहेर काढलं नव्हतं. आमच्या पेठेत असा पोस्टमन असता तर लोकांनी त्याला गर्विष्ठ म्हटलं असतं.

तिसरे बीटवाले. तेच ते, "उठलोय" म्हणणारे. वयाच्या चौदाव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या शेतावर साखरेचं बीट काढायला होते. उंच, रुंद, उजवा अंगठा सरळ न होणारा, आणि तोंड कायम आंबट. मी वाटीत बिस्किटं ठेवली की प्रत्येकी एक घ्यायची, हा नियम त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावला. मी दुसरं पुढे केलं तर असे बघायचे, जणू मी लाच देतेय. आमच्याकडे पाहुण्याला तीनदा आग्रह करतात म्हटलं, तर म्हणाले, "मग तुमच्याकडच्या पाहुण्याला पोट नसतं का, कधी भरलं ते कळायला?"

त्यांची एकच मुलगी, हार्लेमला राहते. तिच्या जन्माची गोष्ट त्यांनी मला एकदा सांगितली. ऑक्टोबरचा महिना, थंडी कडक व्हायच्या आत बीट गाड्यांत भरायचं होतं. हे सकाळी शेतावर गेले, संध्याकाळी चिखलाचे बूट दारात काढून आत आले, तर मूल आंघोळ होऊन टोपी घालून पाळण्यात झोपलेलं. "कुणी बोलवायला आलं नाही?" मी विचारलं. "बीट भरायचं चाललं होतं ना," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. मीच आपली कॉफीचा थर्मास घेऊन उगीच इकडेतिकडे करत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि त्यांना ते आवडलं नसतं.

त्या टेबलाला चौथी खुर्ची होती. तिच्यावर बसणारे आजोबा एका हिवाळ्यात घरात एकटेच गेले आणि तिसऱ्या दिवशी कळलं. गाव चारशे घरांचं, पडदे सगळ्यांचे उघडे, आणि तरी तिसऱ्या दिवशी. त्या गोष्टीची तिघांनाही लाज वाटली. तेव्हापासून फोनची साखळी सुरू झाली. बरोबर आठला पोस्टमन पंपवाल्यांना फोन करणार, पंपवाले बीटवाल्यांना, बीटवाले मला, आणि मी पोस्टमनना. वर्तुळ पुरं झालं की दिवस सुरू. कुणी उचलला नाही तर पुन्हा एकदा करायचा, आणि तरी नाही उचलला तर मला कळवायचं. तिघांच्या किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या. मी त्या चौथ्या खुर्चीवर आले ती अशी. परक्या देशात कुणी आपल्या घराची किल्ली आपल्या हाती देतं, तेव्हा काय वाटतं ते मी सांगू शकत नाही. आईला त्याच दिवशी फोन करून सांगितलं एवढं खरं.

एका नोव्हेंबरात सव्वाआठ झाले तरी माझा फोन वाजला नाही. मग वाजला तो पंपवाल्यांचा. "तो उचलत नाही. दोनदा केला." मी चपलांवरच धावले. बीटवाले स्वयंपाकघरात जमिनीवर होते, आदल्या संध्याकाळपासून. मनगट सुजलेलं, कपडे ओले झालेले, अंग गार. पण शुद्धीवर. मला बघून पहिलं वाक्य काय, तर "दार लाव, थंडी येतेय."

मी त्यांना कसंबसं खुर्चीत बसवलं. कपडे बदलताना ते म्हणाले, "तिकडे बघ." मी खिडकीकडे बघत बदलले. माझ्या बाबांचं शेवटी शेवटी हे सगळं दादाने केलं होतं, मी नाही. मी इथे होते. चहा करून दिला, मनगटाला बर्फ लावला, आणि मग ते मुद्द्यावर आले.

"माझ्या मुलीला सांगायचं नाही."

मी बर्फाचं फडकं मनगटावर नीट बसवलं.

"तिला कळलं तर ती मला वृद्धाश्रमात ठेवेल. मी याच रस्त्यावर जन्मलो. या घरात लग्न करून आलो. इथूनच मला न्यायचं, आडवं. कळलं? सांगणार नाहीस."

"नाही सांगत," मी म्हटलं. "शप्पथ."

त्यांनी डावा तळहात पुढे केला. इकडे जुन्या शेतकऱ्यांत गायबैलांचा सौदा असा व्हायचा, तळहातावर तळहात मारून, आणि एकदा हात पडला की कागद लागत नसे. ते मला त्यांनीच सांगितलं होतं. मी हात मारला.

आता आपल्याकडची गोष्ट आपण आपसात कबूल करायला हरकत नाही. आपण शप्पथ दिवसातून दहा वेळा घेतो. म्हातारं माणूस हट्टाला पेटलं की "हो हो, तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचं आणि मागच्या दाराने जे करायचं ते करायचं, याला आपण मन राखणं म्हणतो. मी लहानपणापासून हेच बघत आले. हात मारताना मला ठाऊक होतं की मी दुपारी मुलीला फोन करणार आहे, आणि त्यात काही चुकतंय असं मला तिळमात्र वाटत नव्हतं. पुन्हा पडले आणि डोकं आपटलं तर? मी दुपारी फोन केला. संध्याकाळी मुलगी आली, सोबत हाउसआर्ट्स, म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर. मनगट मोडलेलं निघालं. आणि हेही निघालं, की ते त्या महिन्यात तिसऱ्यांदा पडले होते.

मुलगी स्वभावाने चांगली. शाळेत शिकवते, चेहरा वडिलांचाच, फक्त आंबटपणा वजा. तिने हार्लेमच्या वाटेवरच्या एका आश्रमात जागा बघितली. आजोबा म्हणाले, पाय तोडून न्या. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि रडली. "मी त्यांना उचलून तर नेऊ शकत नाही," ती म्हणाली.

आणि मी, शहाणी, म्हणाले, "सांगा ना, की घरचा बॉयलर बदलायचाय. सहा आठवडे घर गरम होणार नाही, तेवढ्यापुरतं तिकडे राहा. एकदा रुळले की आपोआप विसरतील. आमच्या घरी आम्ही असंच केलं होतं."

ती म्हणाली, "पण ते खोटं आहे."

"खोटं कसलं? बॉयलर जुना नाहीये का?"

बॉयलर जुना होताच. मुलीने तेच सांगितलं आणि आठ दिवसांनी आजोबा जायला तयार झाले. जायच्या आधीच्या मंगळवारी ते समाजघरात आले, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून. मी कॉफी पुढे ठेवली. त्यांनी ती घेतली नाही. टेबलाला उद्देशून म्हणाले, "हिने सकाळी मला हात दिला आणि दुपारी फोन केला." बस, एवढंच. उठले आणि गेले.

मी रागाने लाल झाले. मी त्यांचे कपडे बदलले, मी धावले, आणि वर मलाच? मी पोस्टमनना म्हटलं, "मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं?"

"नाही," पोस्टमन म्हणाले. "सांगायलाच हवं होतं. हात द्यायला नको होता."

घरी येऊन नवऱ्याजवळ सगळं ओकले. तो म्हणाला, तू बरोबरच केलंस, त्यांच्या भल्यासाठी केलंस. तेव्हा मला त्याचाही राग आला.

पहिल्या गुरुवारी मी कॉफीचं काम संपवून बसने आश्रमात गेले, तर खालच्या बाईंनी वर फोन करून विचारलं आणि मला सांगितलं, ते नको म्हणतात. दुसऱ्या गुरुवारी तेच. तिसऱ्या गुरुवारी बटाटेपोहे डब्यात घेऊन गेले, मिरची न घालता. आपण म्हणतो ना, वाळूचे कण रगडिता. वर जायला मिळालं. त्यांनी चमच्याने पोहे उकरले, बटाटे तेवढे वेचून खाल्ले आणि म्हणाले, "हे पिवळं कशाला केलंस?" मला इतका आनंद झाला, काय सांगू.

मग दर गुरुवार ठरला. आम्ही सोंगट्यांचा डाव मांडायचो आणि ते मला हरवायचे. हात देण्याबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत, मीही नाही. जाताना मात्र एक प्रश्न ठरलेला असायचा.

"बॉयलर बसला का?"

"नाही अजून. पार्ट मिळत नाहीये. जुना आहे ना."

"कुठून मागवलाय?"

"जर्मनीहून."

जर्मनी माझ्या तोंडून आपोआप आली. एकदा खोटं सुरू केलं की त्याला बारीकसारीक तपशील पुरवावे लागतात, आणि माझा हात त्यात चांगला बसलेला. सहा आठवड्यांचे बारा झाले. घर भाड्याचं होतं, घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेचं. मुलीने फेब्रुवारीत ते सोडलं. मार्चमध्ये एक तरुण जोडपं दोन पोरांना घेऊन राहायला आलं. मी रोज सायकलवरून त्या दारावरून जात होते. मुलीचा मला फोन आला, "त्यांना कळू द्यायचं नाही. त्यांचं हृदय आधीच कमजोर आहे. तुम्ही बॉयलरचंच सांगत राहा, तुम्हाला ते छान जमतं." तिने ते कौतुकाने म्हटलं होतं.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी डाव संपला, मी जॅकेट घातलं, दारापर्यंत गेले, आणि त्यांनी विचारलंच नाही. मी दारात उभी राहिले. ते खिडकीतून बाहेर बघत होते. "येते," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. पुढच्या गुरुवारीही विचारलं नाही.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. हे मी आधी एकदा ऐकलं होतं, हे न विचारणं.

बाबांची स्कूटर. बाबा वाईला दादाकडे असायचे. एकदा दूधवाल्याच्या सायकलला धडकले, कुणाला काही झालं नाही, पण दादाने घाबरून स्कूटर विकून टाकली. बाबांना सांगितलं, गॅरेजला दिलीय. ते दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला विचारायचे, "दादाला जरा विचार गं, स्कूटर कधी येणार?" मी इथून सांगायचे, "येईल बाबा, पार्ट मिळत नाहीये." दीड वर्ष. मग एका रविवारी त्यांनी विचारलं नाही. दादा म्हणाला, बरं झालं, विसरले. मीही म्हणाले, बरं झालं. हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या आणि ते जाईपर्यंत तेवढ्याच राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं. पोरं तोंडावर खोटं बोलतायत हे कळून त्यांनी आमची लाज राखली होती, आणि मग आमच्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. हे मला त्या बसमध्ये, बाबा जाऊन तीन वर्षं झाल्यावर कळलं. शेजारच्या बाईने मला टिश्यू दिला.

आठवडाभर मला नीट झोप नाही. मुलीला फोन केला. म्हटलं, मी सांगणार आहे. आधी तुम्हाला सांगतेय, मागून नाही. ती चिडली. म्हणाली, त्यांना काही झालं तर? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. शेवटी ती म्हणाली, "मला ते जमणार नाही. तुम्ही सांगा."

गुरुवारी मी सोंगट्या मांडल्या नाहीत. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले. परीक्षेत डच बोलताना मी इतकी घाबरले नव्हते.

"आजोबा," मी म्हटलं. "आजोबा" हा शब्द त्यांनी केव्हाच चालवून घेतला होता. "तुमचं घर आता तुमचं नाही. मार्चपासून तिथे दुसरं कुटुंब राहतंय. तुम्ही परत जाणार नाही. बॉयलरचं सगळं खोटं होतं. ते तुमच्या मुलीचं नव्हतं, माझं होतं. मी सुचवलं."

त्यांची छाती वरखाली होत होती आणि मी बेल कुठे आहे ते बघून ठेवलं.

"कोण आहेत?" त्यांनी विचारलं.

"तरुण आहेत. दोन पोरं आहेत."

"मागच्या बागेचं काय केलं?"

तोंडावर आलं होतं की बाग तशीच आहे. "ट्रॅम्पोलीन ठेवलाय," मी म्हटलं. "तुमच्या घेवड्याच्या वाफ्यावर."

त्यांनी चष्मा काढला. मोठा माणूस रडतो तेव्हा आपण काहीतरी बोलून ते थांबवतो, पाणी देतो, पाठीवरून हात फिरवतो. मी काही केलं नाही. नुसती बसून राहिले, आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. त्यांनी बराच वेळ घेतला. मग रुमालाने तोंड पुसलं, चष्मा घातला आणि पलंगाकडे बोट केलं.

"त्याच्या खाली बॅग आहे. काढ."

मी वाकून बॅग ओढली. जड होती. नोव्हेंबरपासून ते तिच्यातूनच कपडे काढत होते आणि धुऊन आले की घडी करून तिच्यातच ठेवत होते. कपाट उघडलं, तर आत आश्रमाचे रिकामे हँगर. इतके महिने माझ्या डोळ्यांसमोर ते कपाट होतं आणि मी एकदाही ते उघडलं नव्हतं.

"लाव," ते म्हणाले.

मी एकेक शर्ट काढून लावायला लागले. ते खुर्चीतून सूचना देत होते. स्वेटर वरच्या फळीवर. कामाची पँट नको, ती आता कुणाला तरी देऊन टाक. सगळ्यात तळाशी काळा सूट होता, कापडी पिशवीत घातलेला. बायकोच्या आणि त्या चौथ्या खुर्चीवरच्या मित्राच्या अंत्यविधीला घातलेला.

"तो मागे ढकलू नकोस," ते म्हणाले. "पुढेच ठेव. तो आधी लागेल."

असं कुणी बोललं की आपल्याकडे लगेच म्हणतात, काहीतरी अभद्र बोलू नका, तुम्हाला काय धाड भरलीय, शंभर वर्षं जगाल. माझ्याही ओठांवर ते आलंच होतं. मी पिशवीची चेन वर ओढली आणि सूट सगळ्यात पुढे लावला.